कागदाचं वजन नका विचारू, खळ विचारा

प्रश्न थोडक्यात असा आहे. बँकेतून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांनी जलरंग हाती घेतलेत. दुकानदाराने "३०० जीएसएम आहे, डोळे झाकून घ्या" म्हणत दिलेला पॅड त्यांनी आणला. आता आकाशाचा वॉश, म्हणजे पाण्याने पातळ केलेल्या रंगाचा मोठा हात, टाकला की कागदाचा पापड होतो, दुसरा थर द्यायला जावं तर खालचा रंग उठतो आणि शेवटी मास्किंग टेप काढताना कागदाची सालही टेपेबरोबर निघते. पुढे अॅक्रिलिक आणि पेस्टल करायचंय, नातीबरोबर वारलीही करून बघायचीय. तेव्हा सगळ्याला चालेल असा एकच चांगला कागद सांगा, असं त्यांचं म्हणणं.

असा कागद नसतो, काका. एकाच कढईत सगळा स्वयंपाक होतो, पण भाकरी थापायला परातच लागते. मात्र कागद पारखायची एक रीत आहे. ती एकदा हाताला लागली की कुठल्याही दुकानात, कुठल्याही नावाचा कागद समोर आला तरी तुमचं तुम्हाला कळेल. मी जलरंगात तीस वर्षं काढली, त्यातली वीस शिकवण्यात. तुमच्या पॅडसारखे पॅड दर जूनमध्ये नव्या बॅचबरोबर माझ्या वर्गात येतात.

आधी दुकानदाराची बाजू घेतो. तो खोटं बोललेला नाही. कागद ३०० जीएसएमचाच असणार. पण जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागद किती ग्रॅम भरतो, एवढंच. झेरॉक्सचा कागद ७० ते ८० भरतो, वर्तमानपत्राचा पन्नासच्याही आत. जुने चित्रकार '१४० पौंडी' कागद म्हणतात तो तुमचा ३०० जीएसएमचाच. २२ बाय ३० इंचाच्या पूर्ण शीटा, त्या पाचशे एकावर एक रचल्या की १४० पौंड होतात. ३०० पौंडी म्हणजे ६४० जीएसएम, जवळजवळ पुठ्ठाच. वजनावरून कागद पाण्याने किती वाकेल याचा अंदाज येतो. रंग त्यावर कसा वागेल, हे मात्र त्यावरून कळत नाही. घरातली एखादी जाडजूड लग्नपत्रिका काढून बघा, तीही ३०० जीएसएमची निघेल. तिच्यावर कुणी आकाश रंगवायला बसत नाही.

रंगाचं वागणं ठरवते ती खळ. कागदाचे तंतू मुळात तहानलेले असतात, दिसेल ते पाणी पिऊन टाकतात. त्यांची तहान आवरायला कागदाला जे चिकट द्रव्य दिलं जातं, त्याला कारखान्यात सायझिंग म्हणतात. आपल्याकडे सुती कपड्याला खळ देतात, तसंच हे. खळ भरपूर असली की रंग वर रेंगाळतो, ब्रशने हलवता येतो, चमकदार सुकतो. कमी असली की टेकवल्या जागी आत शिरतो आणि मळकट दिसतो.

वर्गात मी एक प्रयोग करून दाखवतो. कॉलेजच्या प्रयोगशाळेतला व्हॉटमनचा फिल्टर पेपर घ्यायचा आणि त्यावर निळ्या रंगाचा एक फटकारा मारायचा. रंग ओढताच येत नाही, जिथं ब्रश टेकला तिथंच डाग पसरतो. आता गंमत ऐका. जलरंगाच्या उत्तम कागदासारखा हा कागदही कॉटनचा, म्हणजे कापसाच्या तंतूंचाच असतो. आणि हे तेच व्हॉटमन नाव, ज्याच्यावर एके काळी जलरंगाची सगळी भिस्त होती. अठराव्या शतकात इंग्लंडमधल्या जेम्स व्हॉटमनच्या गिरणीने जाळीच्या रेघा न उमटलेला सपाट कागद काढला. टर्नरसारखे चित्रकार तो वापरायचे. आज त्या नावाचा कागद द्रव गाळायला वापरतात, कारण त्यात खळ नसते. तेव्हा पॅडवर '१०० टक्के कॉटन' लिहिलेलं दिसलं तरी लगेच हुरळून जाऊ नका.

खळ दोन ठिकाणी असते. एक लगद्यातच मिसळलेली, दुसरी कागद तयार झाल्यावर वरून दिलेली. वरची खळ जिलेटिनची असेल तर कागद ओला केल्यावर ओल्या घोंगडीसारखा वास येतो. फ्रान्सच्या आर्शचा कागद पहिल्यांदा भिजवला की माझे विद्यार्थी नाक मुरडून विचारतात, "सर, खराब झालाय का?" खराब नाही, जिलेटिन आहे. माझ्या वर्गातल्या एका जैन बाईंना हे कळल्यावर त्या दोन मिनिटं गप्प बसल्या आणि मग त्यांनी इटलीच्या फाब्रियानोचा आर्तिस्तिको घेतला. त्याच्या खळीत प्राणिज काही नसतं आणि कागदही उत्तम आहे. ज्यांना चालत नाही त्यांनी हे विचारून घ्यावं, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

खळ ही काही विलायती अक्कल नव्हे. जुन्नरला कागद व्हायचा, तसा दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यातही. पिठाची खळ देऊन वाळवायचा आणि मग गुळगुळीत दगडाने घोटायचा. मोडीतली जुनी कागदपत्रं कधी हातात घ्यायला मिळाली तर भिंगातून बघा. बोरूची रेघ अजून कडक आहे, कडेला शाई फुटलेली नाही. ती खळीची आणि घोटण्याची करामत. तोटा एकच, पिठाची खळ कसरीला फार आवडते.

आता तुमच्या तीन तक्रारी. तिन्हींची कारणं वेगवेगळी आहेत.

पापड होण्याचं कारण साधं आहे. ओले तंतू फुगतात, कागद वाढतो. कडेला टेप असल्याने वाढलेल्या कागदाला जायला जागा नाही, म्हणून मधे डोंगर-दऱ्या होतात. दऱ्यांत रंग साचतो आणि तिथं कोबीच्या फुलासारखे डाग येतात. ३०० जीएसएमचा महागातला महाग कागदही पूर्ण ओल्या वॉशला थोडा फुगतोच. कॉटनचा सुकताना बऱ्यापैकी ताठ होतो, लाकडाच्या लगद्याचा बहुतेक वाकडाच राहतो. चित्र लहान असेल, पोस्टकार्ड किंवा त्याच्या दुप्पट, तर हा त्रास जाणवतही नाही. अर्ध्या शीटवर, म्हणजे १५ बाय २२ इंचांवर, मोठं आकाश टाकायचं असेल तर कागद ताणून घ्यावा लागतो. ते पुढे सांगतो.

खालचा रंग उठतो याचं कारण बहुधा लाकडाचा लगदा. स्वस्त पॅड त्याचेच असतात. त्याचे तंतू आखूड. रंग त्यांत फारसा मुरत नाही, वरच्या वर सुकतो. दुसऱ्या थराचा ओला ब्रश फिरला की पहिला थर विरघळून वर येतो आणि दोन्ही मिळून चिखल होतो. कॉटनचे तंतू लांब असतात. रंग पृष्ठभागाच्या किंचित आत जाऊन धरून बसतो. म्हणून त्यावर पिवळ्यावर गुलाबी, गुलाबीवर निळा असे पारदर्शक थर चढवता येतात. पण लगद्याच्या कागदाचा हाच दोष एका ठिकाणी गुण होतो. रंग उचलून प्रकाश काढायचा असेल, चुकलेलं पुसायचं असेल, तर तिथं तो पटकन निघतो. नवशिक्याला त्याचा आधार वाटतो. म्हणून मी पहिले तीन महिने कुणाला कॉटन घ्यायला लावत नाही. मात्र कॉटन वापरल्याशिवाय जलरंग म्हणजे काय ते कळतही नाही. चौथ्या महिन्यात एक शीट द्यावी, आठ तुकडे करावेत आणि माणसाचा चेहरा बघत बसावं. "अहो, मला येतं की!" हे वाक्य तेव्हा हमखास ऐकू येतं.

पारदर्शक जलरंगात पांढरा रंग कागदाचाच असतो, हे तुम्हाला माहीत असेलच. म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये सावंतवाडीच्या सा. ल. हळदणकरांचं 'ग्लो ऑफ होप' आहे, हातात दिवा घेतलेली मुलगी. बोटांच्या फटीतून येणारा तो उजेड बघून कित्येक लोक त्याला तैलचित्र समजतात, वर रविवर्म्याचं म्हणून मोकळे होतात. ते जलरंगातलं आहे. कधी गेलात तर समोर उभं राहून सगळ्यात उजळ जागा कुठली ते शोधा आणि तिथवर किती थरांनी पोचलेत ते मोजायचा प्रयत्न करा.

टेपेबरोबर साल निघते ती वरची खळ कमजोर असल्यामुळे, किंवा टेप फार चिकट असल्यामुळे, किंवा चित्र पुरतं वाळायच्या आत तुम्हाला धीर न निघाल्यामुळे. तिसरं कारण जास्त वेळा खरं असतं. टेप लावण्याआधी ती एकदा पँटला चिकटवून काढा, चिकटपणा कमी होतो. काढताना हेअर ड्रायरने किंचित गरम करा आणि चित्रापासून बाहेरच्या दिशेने, सावकाश, कागदाला जवळजवळ समांतर ओढा. पांढरी ठेवायची जागा झाकायला मास्किंग फ्लुइड, म्हणजे रबरासारखं वाळणारं द्रव्य, वापरत असाल तर तीच गोष्ट. कमजोर कागदावर ते दिवसभर ठेवू नका.

आता दुकानात कागद कसा पारखायचा. माझ्या खिशात डोळ्यांच्या औषधाची एक रिकामी बाटली असते, साध्या पाण्याने भरलेली. दुकानदार ओळखीचा असेल तर कागदाचा कोपरा किंवा नमुन्याची चिठ्ठी देतो. नसेल तर सुटी एक शीट विकत घ्यायची आणि बाहेर येऊन बघायचं. कोपऱ्यावर एक थेंब सोडा. थेंब पडता पडता काळपट डाग होऊन पसरला, तर खळ नाही; तो कागद जलरंगाला उपयोगाचा नाही, बाकी कशाला तरी येईल. थेंब पत्र्यावरच्या पाण्यासारखा गोल राहून तिरकं धरताच घरंगळला, तर खळ प्रमाणाबाहेर आहे किंवा वर काहीतरी लेप आहे. त्यावर रंग ठिपक्यांत गोळा होईल. हवा तो कागद या दोन्हींच्या मधला. थेंब बसका होतो, कडा धरून ठेवतो, चमकत राहतो आणि दोन-चार मिनिटांत हळूहळू आत जातो. मग त्या ओल्या जागेवर बोटाचं टोक दहा-बारा वेळा घासा. पोळीच्या पिठासारखे बारीक गोळे सुटले तर कागद ब्रशची घासाघीस सहन करणार नाही. नाही सुटले तर शेवटची परीक्षा, फाडून बघणं. लांब तंतूंचा कागद फाटताना कापसासारखी लव दाखवतो, लगद्याचा आखूड आणि सरळ फाटतो. एका दुकानात मला 'प्युअर कॉटन' म्हणून दिलेली शीट अशी फाडली तेव्हा ती चित्रकलेच्या वहीसारखी सट्कन फाटली. दुकानदार म्हणाला, "फाडून कशाला बघता सर?" आता काय बोलणार?

पोताबद्दल फार लिहीत नाही, कारण ते हाताला कळतं. हॉट प्रेस म्हणजे इस्त्री केल्यासारखा गुळगुळीत, कोल्ड प्रेस म्हणजे मध्यम दाणेदार, रफ म्हणजे खडबडीत. निसर्गचित्र, घाट, वाडे, बाजार करायचे असतील तर कोल्ड प्रेस. कोरडा ब्रश आडवा फिरवून पाण्यावरची चकाकी किंवा दगडी भिंत एका फटकाऱ्यात काढायची हौस असेल तर रफ. वनस्पतींची बारीक चित्रं, पेनाच्या रेघा, चेहऱ्यातले नाजूक उतार यांना हॉट प्रेस. पण त्यावर मोठा वॉश सपाट बसवणं कठीण असतं. दाणे नसल्याने रंगाला थांबायला जागाच नसते. शिकताना कोल्ड प्रेस सोडून दुसरं काही घेऊ नका.

कागद ताणायची रीत सांगतो. आजकाल कुणी करत नाही, सगळे तयार ब्लॉक घेतात. चारही कडा डिंकवलेला तो गठ्ठा प्रवासात उत्तमच. पण घरी हे स्वस्तात होतं. १२ एमएमचा प्लायवूडचा तुकडा घ्या, कागदापेक्षा सगळीकडून दोन इंच मोठा. बादलीत किंवा न्हाणीघरातल्या मोठ्या टबात कागद पूर्ण बुडवा. पाच-सात मिनिटं पुरे, जास्त ठेवला तर वरची खळ धुऊन जाते. दोन कोपरे धरून उचला, पाणी निथळू द्या. ताज्या पोळीसारखा तो लवलवीत झालेला असतो. प्लायवर मधून कडेकडे पसरत ठेवा, मऊ फडक्याने नुसतं टिपा, पुसू नका. मग चारी कडांना मागे गोंद असलेली कागदी पट्टी ओली करून लावा, अर्धी कागदावर, अर्धी लाकडावर. पार्सलची ती चकचकीत प्लॅस्टिकची ब्राऊन टेप नव्हे, ती ओल्यावर धरतच नाही. गोंदाची पट्टी मिळाली नाही तर स्टेपलर गनने दर दोन इंचावर पिन मारा. फळी आडवी ठेवा, उभी केली तर पाणी एका कडेला उतरून तिथली पट्टी सुटते. सकाळी बघाल तर कागद डफासारखा ताणलेला. बोटाने टिचकी मारा, आवाज येतो. आता यावर पाहिजे तेवढं पाणी ओता, वाळल्यावर तो परत सपाट होणार. चित्र झाल्यावर कटरने आतून कापून घ्यायचं. या रीतीने २०० जीएसएमचा कागदही ३०० ची कामगिरी करतो.

हवेचाही विचार करा. तुम्ही पुण्या-नाशकाकडचे असाल तर एप्रिल-मेमध्ये बाहेर बसून चित्र काढताना वॉश अर्ध्यावर जायच्या आत वाळतो. कॉटन ओल धरून ठेवतो, चार मिनिटं जास्त देतो. उन्हाळ्यात बाहेर कॉटनच न्यावा तो यासाठी. कोकणात, मुंबईत जुलैत याच्या उलट. वॉश वाळतच नाही, माणूस चहा पिऊन येतो तरी ओलाच.

आणि पावसाळ्याचं खरं दुखणं वेगळंच असतं. एका वर्षी मी हौसेने चांगल्या कॉटनच्या दहा शीटा एकदम घेतल्या. गुंडाळी करून गावाकडच्या घरी माळ्यावर ठेवल्या, वर प्लॅस्टिकही नाही. दिवाळीनंतर काढल्या तेव्हा दिसायला पांढऱ्याशुभ्र. एकावर संध्याकाळचं आकाश टाकलं आणि बघता बघता त्या आकाशाला देवी आल्या. मोहरीएवढे गडद ठिपके, शेकड्यांनी. दमट हवेने जागोजाग खळ मेली होती. तिथं रंग थेट आत शिरला, बाकीच्या ठिकाणी वर राहिला. हे कोरड्या कागदावर दिसत नाही, रंग लागल्यावरच कळतं, आणि कळतं तेव्हा उपाय नसतो. दहाच्या दहा शीटा तशाच निघाल्या. फेकल्या नाहीत. काहींवर चारकोल केलं, काहींना जेसोचा, म्हणजे रंगाखाली लावतात त्या पांढऱ्या लेपाचा, हात देऊन अॅक्रिलिकला वापरल्या. तेव्हापासून कागद सपाट ठेवतो, जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत, चपलांच्या खोक्यात येतात त्या सिलिका जेलच्या पुड्या टाकून. बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात ठेवत नाही. आणि वर्षभरात संपेल त्यापेक्षा जास्त घेत नाही, सवलत कितीही असो.

बाकीच्या माध्यमांकडे येतो.

पोस्टर कलर आणि गुआश अपारदर्शक. पांढरा रंग डबीतूनच येतो, त्यामुळे कागदाच्या शुभ्रतेवर आणि कॉटनवर पैसे घालवायची गरज नाही. २०० ते ३०० जीएसएमचा लगद्याचा कागद, फार खडबडीत नसलेला, झकास चालतो. रंगीत कागदावर गुआश जास्त खुलतं; मातकट किंवा करडा कागद घेऊन त्यावर नुसते उजेड टाकून बघा. तुमचा सध्याचा पॅड याच कामाला लावा. एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसणाऱ्या मुलांचे आईवडील महागडा जलरंग कागद आणतात. परीक्षेत मिळतो तसल्या साध्या ड्रॉइंग पेपरवरच सराव करावा, नाहीतर हाताला भलतीच सवय लागते.

शाई आणि निबला गुळगुळीत, घट्ट खळीचा कागद. दाणेदार कागदावर निब तंतू उचलते आणि पुढच्या रेघेला शेपूट फुटतं. चिनी-जपानी धर्तीचं ब्रशचं काम मात्र नेमकं उलट मागतं. त्यांना शाई पसरायलाच हवी असते, म्हणून त्यांचे कितीतरी कागद बिनखळीचे. त्याला सगळे राइस पेपर म्हणतात. जपानी कागद बहुतेक झाडाच्या सालीच्या आतल्या तंतूंचे असतात, तांदळाशी त्यांचा संबंध नाही.

अॅक्रिलिक हा या घरातला सगळ्यात समजूतदार पाहुणा. प्लॅस्टिकसारखा थर होतो, तोच कागदाचं रक्षण करतो. ३०० जीएसएमचा कुठलाही घट्ट कागद घ्या, वर जेसोचा एक हात द्या, झालं. जाड थर देणार असाल तर मागच्या बाजूलाही एक हात द्या, म्हणजे कागद एकाच बाजूला वळणार नाही.

तैलरंग मात्र साध्या कागदावर कधीच थेट लावू नका. तेल तंतूंत उतरतं, भोवती पिवळी कड दिसते आणि काही वर्षांनी कागद पापडासारखा मोडतो. जेसोचे दोन-तीन हात द्या किंवा तैलरंगासाठीच केलेला कागद आणा.

पेस्टलला पाणी नाही, म्हणून इथं खळीचा प्रश्नच नाही. इथं लागतात दात. पेस्टल म्हणजे भुकटी. तिला धरून ठेवायला कागदात खाचा हव्यात. गुळगुळीत कागदावर दुसरा थर घसरतो, तिसरा तर हातालाच लागतो. कान्सोनचा मी-तँत बाजारात मिळतो, १६० जीएसएमचा, बऱ्याच रंगांत. त्याची एक बाजू मधाच्या पोळ्यासारखी ठशांची, दुसरी बारीक. पेस्टलसाठी बनवलेली म्हणून लोक ठशांची बाजू वापरतात आणि मग चेहऱ्यावर जाळी उमटली म्हणून रडतात. बारीक बाजू वापरा. जास्त थर हवे असतील तर वाळूसारखा खरखरीत कागद मिळतो, महाग असतो. जाड कागदावर जेसोत प्युमिस या सच्छिद्र दगडाची बारीक पूड कालवून लावली की घरीही जमतो. ऑइल पेस्टल ही वेगळी जात आहे, तिला कुठलाही जाड कागद पुरतो.

आता नातीची वारली. मूळची ती कागदावरची नाहीच. गेरूने किंवा शेणाने सारवलेल्या कुडावर तांदळाच्या पिठाचा पांढरा, टोक चावून मऊ केलेल्या बांबूच्या काडीने. सत्तरच्या दशकापासून जिव्या सोमा मशे यांच्यासारख्यांनी ती कागदावर आणि कापडावर आणली, पण खालची जमीन तीच ठेवली. काळ्या चार्ट पेपरवर पांढऱ्या मार्करने काढतात ते मला कधी पटलं नाही. कुड नसेल तर निदान कुडाचा पोत तरी असावा. इथं हातकागद शोभून दिसतो. पुण्याला शिवाजीनगरमध्ये हातकागद संस्था आहे, १९४० साली सुरू झालेली. तिथला जाडसर कागद घ्या. गेरू पाण्यात कालवा, त्यात चमचाभर फेव्हिकॉल टाका म्हणजे बोटाला लागणार नाही, आणि रुंद ब्रशने कागदभर लावा. ब्रशचे ओरखडे दिसले तर दिसू द्या. कागद गुंडाळू नका, पांढऱ्याच्या खपल्या पडतात. नातीला काडी चावायला फार आवडेल, बांबू स्वच्छ धुऊन द्या.

हातकागद पारदर्शक जलरंगाला चालतो का, हे नेहमी विचारतात. कधी चालतो, कधी नाही. एकाच गठ्ठ्यातल्या दोन शीटा सारख्या वागतील याची खात्री नसते, कारण खळ हाताने दिलेली. थेंब टाकून बघायचं, प्रत्येक शीटला. मला स्वतःला त्यावर कमी पाण्याचं काम आवडतं. कडा फाटल्यासारख्या मऊ असतात, त्या कापू नका.

लघुचित्रशैली शिकायची इच्छा असेल त्यांना वसली लागते. पातळ कागद एकावर एक खळीने डकवून, वाळवून, अकीक दगडाने किंवा कवडीने घोटून केलेला हा कागद. खळीत मोरचूद घालतात, कसर लागू नये म्हणून. चित्रं दाखवून कथा सांगणारे सिंधुदुर्गातल्या पिंगुळीचे चित्रकथीही दोन चित्रं पाठीला पाठ लावून डकवायचे, पोथीच्या पानासारखी. गावोगाव कथा सांगताना पानं हातात धरायची तर ती टिकायला हवीत. घरी वसली करायची तर चार पातळ कागद आणि मैद्याची खळ पुरते, फक्त मोरचूद विषारी असतो, मुलांच्या हाताला लागू देऊ नका.

टिकाऊपणाबद्दल दोन शब्द. वर्तमानपत्र खिडकीत आठ दिवस राहिलं तरी पिवळं पडतं, कारण त्यातलं लिग्निन, म्हणजे लाकडातलं पिवळं पडणारं द्रव्य, काढलेलं नसतं. पॅडवर 'अॅसिड फ्री' लिहिलेलं असावं. सरावाला नसलं तरी चालतं. कुणाला भेट द्यायचं किंवा विकायचं चित्र असेल तर मात्र त्याखाली जाऊ नका. आणि फ्रेमवाल्याला सांगा, काच थेट चित्राला टेकता कामा नये, मधे माउंट, म्हणजे पुठ्ठ्याची चौकट, हवा; दमट हवेत काचेच्या आत सुटलेली ओल थेट रंगावर बसते.

तुमच्या खरेदीबद्दल म्हणाल तर असं करा. हातातला पॅड संपवा. त्यावर पोस्टर कलर करा, छटांचे तक्ते करा, एकाच वॉशची झाडं करा. थर चढवायची चित्रं त्यावर करूच नका, म्हणजे निम्मी चिडचिड संपेल. त्याबरोबर कॉटनची कोल्ड प्रेस, ३०० जीएसएमची एकच पूर्ण शीट आणा. पॅड नको, सुटी शीट. ती उजेडासमोर धरली तर कोपऱ्यात जलचिन्ह दिसेल, अक्षरं सरळ वाचता येतात ती बाजू पुढची. मागची बाजूही वापरता येते, पोत थोडा वेगळा एवढंच. शीट कात्रीने कापू नका. घडी घालून नखाने दाबा, उलटी घडी घाला, दोन-तीनदा असं केलं की सावकाश फाडा, कडा छान मऊ येते. पहिल्यांदा अर्धी, मग चतकोर, मग आठ तुकडे, साडेसात बाय अकरा इंचाचे. पहिल्या तुकड्यावर चित्र काढायचंच नाही. त्यावर एका कोपऱ्यात थेंब, दुसऱ्यात टेप, तिसऱ्यात तीन थर, चौथ्यात ओल्या ब्रशने रंग उचलून बघा आणि मागे पेन्सिलीने तारीख, दुकान आणि कागदाचं नाव लिहून ठेवा. माझ्याकडे असे तुकडे बुटाच्या दोन खोक्यांत आहेत. पुढच्या वर्षी पावसाळ्यानंतर त्याच गठ्ठ्यातला कागद काढाल तेव्हा पुन्हा थेंब टाका आणि जुन्या तुकड्याशेजारी ठेवून बघा.